वाचकांचे प्रश्न : टक्के काढायचे, पण कशाचे?

शीटमधल्या हिशेबांबद्दल आलेल्या पत्रांपैकी बहुतेक पत्रांत टक्केवारी कुठे ना कुठे अडलेली आहे. त्यातले निवडक प्रश्न इथे एकत्र घेतले आहेत. सूत्रे वाचायला सोपी जावीत म्हणून कॉलमची अक्षरे आणि फंक्शनची नावे देवनागरीत छापली आहेत. तुम्ही टाइप करताना इंग्रजी कीबोर्ड आणि इंग्रजी अंकच वापरा. बी२ म्हणजे बी कॉलममधली दुसऱ्या ओळीची चौकट. इथली सगळी सूत्रे एक्सेल आणि गुगल शीट्स दोन्हींत चालतात.

प्रश्न : सहा विषयांचे मिळून ६०० पैकी गुण आहेत. टक्के काढले तर उत्तर ७२८३% येते. शिवाय एका मुलाचे ३५% दिसतात, तरी शीट त्याला उत्तीर्ण म्हणत नाही. असे का?
– एक शिक्षिका, कळंबा

उत्तर : पहिली गोष्ट शंभराने गुणण्याची. कागदावर टक्के काढताना आपण शंभराने गुणतो, आणि % चे बटण दाबल्यावर शीटही तेच करते. दोन्ही केले की उत्तर शंभरपट होते. शीटच्या लेखी ७२.८३% म्हणजे ०.७२८३, वर फक्त टक्क्याचा पेहराव चढवलेला. म्हणून सूत्रात १०० लिहूच नका.

नावे ए कॉलममध्ये, सहा विषय बी ते जी, बेरीज एच मध्ये आणि टक्के आय मध्ये ठेवा. एकूण गुण, म्हणजे ६००, के१ मध्ये एकदाच लिहा.

एच२ : =सम(बी२:जी२)
आय२ : =एच२/$के$१

मग आय कॉलम निवडून कंट्रोल, शिफ्ट आणि ५ एकत्र दाबा. ४३७ गुणांचे ७२.८३% दिसतील (दोन दशांश स्थळे वाढवून घ्यावी लागतील). के१ च्या दोन्ही बाजूंची डॉलरची खूण विसरू नका. ती नसेल तर सूत्र खाली ओढताना के१ चे के२, के३ होत जाते. त्या चौकटी रिकाम्या असल्याने दुसऱ्या मुलापासून खाली सगळीकडे #डिव्ह/०! येते, म्हणजे शून्याने भागायला सांगितले आहे. सूत्रात के१ वर कर्सर ठेवून एफ४ दाबले की डॉलर आपोआप लागतात.

आता ३५ टक्क्यांचे. त्या मुलाला बहुधा २०९ गुण असतील. २०९ भागिले ६०० म्हणजे ३४.८३%. दशांश स्थळे शून्य ठेवली की चौकटीत ३५% दिसते, पण आतली संख्या ३४.८३ च राहते आणि तुलना आतल्या संख्येशी होते. ३५ टक्क्यांची अट पूर्णांकात धरायची की नाही हे शाळेने ठरवायचे. पूर्णांकात धरायची असेल तर सूत्रातच तसे सांगा :

=इफ(राउंड(आय२,२)>=३५%,"उत्तीर्ण","पुन्हा सराव")

राउंडमध्ये २ लिहिलेय ते दोन टक्के-दशांशांसाठी नाही. संख्या ०.३४८३ अशी साठवलेली असल्याने दुसऱ्या दशांशापर्यंत जवळच्या आकड्यात आणली की नेमके पूर्ण टक्के मिळतात. निकालपत्रकात दिसणारे टक्के आणि लागणारा निकाल यांत फरक राहिला तर पालकांना तो समजावता येत नाही. म्हणून हे वर्षाच्या सुरुवातीलाच ठरवून टाकावे.

गैरहजर मुलाच्या चौकटीत "गै" लिहिलेले चालते, कारण सम अक्षरे सोडून देते. पण =बी२+सी२+डी२ अशी बेरीज केली असेल तर #व्हॅल्यू! येईल.

प्रश्न : चपला ९०० रुपयांना घेतो. २५% नफा धरून ११२५ ला विकतो. वर्षाअखेरीस विक्रीवर २५% सुटत नाहीत. जीएसटीसह १२६० रुपयांच्या बिलातून ५% वजा केले तर करपूर्व रक्कमही जुळत नाही.
– चप्पल लाईन, कोल्हापूर

उत्तर : तुमच्या दोन्ही अडचणींचे मूळ एकच आहे. टक्के कशावर धरायचे, तो पाया मध्येच बदलला आहे.

९०० वर २५% चढवले की ११२५ होतात आणि २२५ सुटतात. हे २२५ खरेदीच्या २५% आहेत, विक्रीच्या मात्र २०%. विक्रीवर २५% हवे असतील तर खरेदी ही विक्रीच्या ७५% असायला हवी. म्हणजे गुणायचे नाही, भागायचे :

=बी२/(१-सी२)

बी२ मध्ये ९०० आणि सी२ मध्ये २५% असेल तर उत्तर १२०० येते. सी२ मध्ये संख्या लिहिताना % ची खूण सोबतच टाइप करा. आधी नुसते २५ लिहून मग % चे बटण दाबले तर २५००% होते, आणि १-सी२ उणे होऊन किंमतही उणे येते. विक्री किंमत उणे दिसली की आधी हेच तपासा.

जीएसटीचेही तसेच. १२६० या रकमेत कर मिसळलेला आहे, म्हणजे ती करपूर्व रकमेच्या १०५% आहे. १२६० चे ५% वजा केले तर ११९७ उरतात, तीन रुपये कमी. बरोबर सूत्र :

=एफ२/(१+५%)

उत्तर १२००, कर ६०, त्यातले ३० केंद्राचे आणि ३० राज्याचे. २२ सप्टेंबर २०२५ पासून २५०० रुपयांपर्यंतच्या जोडीवर ५% आणि त्यावरच्या जोडीवर १८% कर आहे. दोन्ही प्रकारचा माल ठेवत असाल तर दर हाताने भरू नका. करपूर्व किंमत डी२ मध्ये धरून :

=इफ(डी२<=२५००,५%,१८%)

बिलात एक-दोन पैशांचा फरक येतो म्हणून अनेकजण शीटवरचा विश्वास सोडून कॅल्क्युलेटर घेतात. कारण बारीक आहे. ३३३.३३ रुपयांच्या वस्तूवर ५% म्हणजे १६.६६६५. चौकटीत १६.६७ दिसतात. अशा तीन ओळींची शीट बेरीज करते ४९.९९९५ आणि दाखवते ५०.००. गिऱ्हाईक दिसणारे तीन आकडे मिळवतो, तर ५०.०१ येतात. दोघेही आपापल्या जागी बरोबर! कराच्या प्रत्येक ओळीत =राउंड(डी२*ई२,२) असे लिहिले की दिसते तेच साठते आणि बेरीज जुळते. ई२ मध्ये कराचा दर आहे असे इथे धरले आहे.

सवलतीबद्दल तुम्ही विचारलेले नाही, पण सणासुदीला याच ठिकाणी मोठा तोटा होतो, म्हणून सांगतो. नफा २५% आणि सवलत २०%, म्हणजे हातात ५% राहतील असा सगळ्यांचा समज असतो. १२०० वर २०% सवलत दिली की ९६० येतात. ९०० जाऊन ६० उरतात, म्हणजे विक्रीच्या ६.२५%. त्यातच "वर आणखी १०%" दिले तर एकूण सवलत २८% होते (१-८०%*९०%), किंमत ८६४ वर येते आणि प्रत्येक जोडीमागे ३६ रुपये पदरचे जातात. दुकानभाडे आणि पगार अजून धरलेलेच नाहीत. सवलतीचा फलक लावण्याआधी प्रत्येक मालापुढे सवलतीनंतरची किंमत आणि उरलेला नफा असे दोन कॉलम करा. उणे आकडे लाल दिसतील असे फॉरमॅट लावा.

प्रश्न : गुळाचा भाव क्विंटलला ४००० वरून ४८०० झाला. वाढीचे सूत्र घातले तर ४७९९ येते.
– मार्केट यार्ड, कोल्हापूर

उत्तर : कंस राहिला आहे. =सी२-बी२/बी२ लिहिल्यावर शीट आधी भागाकार करते. बी२/बी२ म्हणजे १, आणि ४८०० मधून १ गेला. असे लिहा :

=(सी२-बी२)/बी२

उत्तर २०%. हाच भाव पुन्हा ४००० वर आला तर घट २०% नाही, १६.६७% दाखवेल. ते बरोबरच आहे, कारण आता भागायचे ते ४८०० ने. जुना भाव नेहमी खाली. ज्या दिवशी सौदाच निघाला नाही तिथे शून्य लिहू नका, चौकट रिकामी ठेवा आणि सूत्र =इफ(बी२="","",(सी२-बी२)/बी२) असे करा.

प्रश्न : उसाची एफआरपी (उसाला द्यायचा किमान रास्त दर) शीटमध्ये काढली, तर क्विंटलला साडेचार रुपये दर आला. उतारा (उसातून निघणाऱ्या साखरेचे प्रमाण) १२.०५% धरला होता. कुठे चुकले?
– एक ऊस उत्पादक, शिरोळ तालुका

उत्तर : २०२५-२६ च्या हंगामासाठी केंद्राने ठरवलेली एफआरपी १०.२५% उताऱ्याला क्विंटलमागे ३५५ रुपये आहे. त्यावरच्या प्रत्येक ०.१ ला ३.४६ रुपये जादा. उतारा कमी असेल तर त्याच हिशेबाने कपात, पण ९.५% किंवा त्याखाली गेला तरी ३२९.०५ पेक्षा कमी नाही.

पाया १०.२५ हा एफ१ मध्ये, ३५५ एफ२ मध्ये, ३.४६ एफ३ मध्ये आणि ३२९.०५ एफ४ मध्ये लिहा. उतारा बी२ मध्ये. सूत्र :

=मॅक्स($एफ$४,$एफ$२+(बी२-$एफ$१)/०.१*$एफ$३)

तुम्ही बी२ मध्ये १२.०५ पुढे % लिहिले आणि पाया मात्र नुसता १०.२५ ठेवला. शीटने ०.१२०५ मधून १०.२५ वजा केले. मग दर ४.५२ रुपयेच येणार. मॅक्स लावल्यावर तो ३२९.०५ दिसेल, आणि चूक झाकली जाईल! म्हणून मॅक्स घालण्याआधी साधे सूत्र एकदा तपासून घ्या. उतारा, पाया आणि ०.१ या तिन्ही ठिकाणी एकच रीत पाळा. आमचा सल्ला, इथे % ची खूण कुठेच नको, नुसते आकडे ठेवा.

आता आकडे घालून पाहू. १२.०५ वजा १०.२५ म्हणजे १.८०, म्हणजे ०.१ चे १८ टप्पे. १८ गुणिले ३.४६ म्हणजे ६२.२८. दर ४१७.२८ रुपये क्विंटल, म्हणजे टनाला ४१७२.८०. काहीजण उतारा १.८ ने वाढला म्हणून ३५५ वर १.८% चढवतात आणि ३६१.३९ काढतात. हा दर क्विंटलला जवळजवळ ५६ रुपयांनी कमी पडतो.

तोडणी-वाहतूक टनावर वजा होते, तेव्हा आधी टनाचा दर करून मगच वजा करा. ती उदाहरणादाखल ९०० धरली तर ३२७२.८० उरतात. ६२.३५० टनांचे २,०४,०५९.०८ रुपये. वजन पावतीवर असते तसे तीन दशांशांपर्यंतच लिहा. ६२.४ असे जवळचे लिहिले तर इथे दीडशेवर रुपयांचा फरक पडतो.

प्रश्न : चांदीचे दोन लॉट एकत्र वितळवायचे आहेत. २ किलो ८० टंच (म्हणजे ८०% शुद्ध) आणि ३ किलो ६० टंच. सरासरी ७० टंच धरली, पण टंच काढल्यावर ६८ आले. ८० टंचाला आणायला किती शुद्ध चांदी घालावी? १२% कमी म्हणून ६०० ग्रॅम घातले, तरी टंच बसले नाही.
– एक चांदी कारागीर, हुपरी

उत्तर : वजने वेगळी असतील तर टंचांची नुसती सरासरी चालत नाही. ६० टंचाचा माल जास्त आहे, तो सरासरीला आपल्याकडे ओढणार. वजन बी कॉलममध्ये ग्रॅममध्ये आणि टंच सी कॉलममध्ये % खुणेसह लिहा :

=समप्रॉडक्ट(बी२:बी३,सी२:सी३)/सम(बी२:बी३)

समप्रॉडक्ट प्रत्येक ओळीचे वजन आणि टंच गुणून बेरीज करतो. १६०० अधिक १८०० म्हणजे ३४०० ग्रॅम शुद्ध. भागिले ५०००, उत्तर ६८%. लॉट दहा असले तरी सूत्र तेच, फक्त ३ च्या जागी शेवटच्या ओळीचा आकडा. दोन्ही पट्टे सारख्याच लांबीचे हवेत. बी२:बी१० आणि सी२:सी९ असे झाले की चूक दाखवते.

आता शुद्ध चांदी. ५००० च्या १२% म्हणजे ६०० घातले की शुद्ध ४००० झाले, हे खरे. पण एकूण वजनही ५६०० झाले. ४००० भागिले ५६०० म्हणजे ७१.४३ टंच. वर घातलेली चांदी अंशात येते तशी छेदातही येते, हे इथे विसरले. हवे ते टंच ई१ मध्ये, आताचे ई२ मध्ये आणि एकूण वजन ई३ मध्ये ठेवून :

=ई३*(ई१-ई२)/(१-ई१)

५००० गुणिले १२% भागिले २०% म्हणजे ३००० ग्रॅम. पडताळा असा : शुद्ध ३४०० अधिक ३००० म्हणजे ६४००, एकूण ८०००, टंच ८०. एवढी चांदी लागते हे पाहून दचकायला होते, पण भट्टी लावण्याआधी दचकलेले बरे. पुष्कळदा त्यापेक्षा ६० टंचाचा लॉट वेगळा ठेवणेच परवडते. घालायची चांदी अगदी शुद्ध नसेल, समजा ९९.५ टंच असेल, तर सूत्रातल्या १ च्या जागी ९९.५% लिहा. मग ३००० ऐवजी ३०७६.९२ ग्रॅम लागतील.

उलट बाजूने, तांबे मिसळून टंच उतरवायचे असेल तर शुद्ध चांदी तेवढीच राहते हे धरा. ५ किलो ८० टंचात ४००० ग्रॅम शुद्ध आहे. ६५ टंचाला एकूण वजन ४०००/६५% म्हणजे ६१५३.८५ हवे, म्हणून तांबे ११५३.८५ ग्रॅम. सूत्र =ई३*ई२/ई१-ई३. वितळताना जाणारी घट यात धरलेली नाही. आपल्या भट्टीचा अनुभव पाहून ती वेगळ्या ओळीत लिहा.

प्रश्न : तीन जॉबचे रिजेक्शन ३%, १२% आणि ५%. अ‍ॅव्हरेज ६.६७% येते. गिऱ्हाईक कंपनी म्हणते ४.२५%. कोणाचे बरोबर?
– फाउंड्रीतील सुपरवायझर, शिरोली एमआयडीसी

उत्तर : कंपनीचे. तुमच्या पत्रातल्या आकड्यांप्रमाणे ४००० पैकी १२०, ५०० पैकी ६० आणि १५०० पैकी ७५ नग बाद झाले. ६००० पैकी २५५ म्हणजे ४.२५%. टक्क्यांच्या कॉलमखाली अ‍ॅव्हरेज लावू नका, =सम(सी२:सी४)/सम(बी२:बी४) लावा. दूध संस्थेत सरासरी फॅट काढतानाही हीच रीत, फक्त नगांऐवजी लिटर.

मात्र ४.२५% पाहून समाधान मानू नका. १२% चा जॉब त्यात लपून जातो. अहवालात एकूण आकडा द्या आणि जॉबवार टक्के त्याच्या खालीच ठेवा. तसेच पुढच्या महिन्यात रिजेक्शन ५% वरून ४% वर आले तर "१% कमी झाले" असे लिहू नका. "५% वरून ४%" असेच लिहा. कारण प्रमाण म्हणून पाहिले तर ती २०% घट आहे, आणि वाचणारा दोन्ही अर्थ काढू शकतो.

प्रश्न : आमच्या बचत गटाच्या वहीत रकमा "५०० रु." अशा लिहिल्या आहेत, बेरीज शून्य येते. आणि ५०,००० रुपयांच्या कर्जाचा वर्षाला १२% ने बारा महिन्यांचा हप्ता किती?
– बचत गटाच्या सचिव, कागल तालुका

उत्तर : ताई, "५०० रु." ही शीटच्या दृष्टीने अक्षरे आहेत, संख्या नाही. संख्या चौकटीत उजवीकडे चिकटते आणि अक्षरे डावीकडे, त्यावरून लगेच ओळखता येते. कॉलम निवडा, फॉरमॅट जनरल (शीट्समध्ये ऑटोमॅटिक) करा, मग कंट्रोल आणि एच दाबून " रु." शोधा आणि बदलायची जागा रिकामी ठेवा. आधीची मोकळी जागाही शोधात धरा. सगळे बदलले का ते पाहायला =काउंटए(बी२:बी४०)-काउंट(बी२:बी४०) लिहा. शून्य आले की झाले. अन्यथा तेवढ्या चौकटी अजून अक्षरेच आहेत. रु. दिसायलाच हवे असेल तर कस्टम फॉरमॅटमध्ये ०" रु." असे घाला. मग ते नुसते दिसते, संख्येत मिसळत नाही.

हप्त्यासाठी :

=पीएमटी(१२%/१२,१२,-५००००)

उत्तर ४४४२.४४. व्याज वर्षाचे आणि हप्ते महिन्याचे, म्हणून दराला १२ ने भागायचे. ते विसरले तर शीट महिन्याला १२% धरते आणि हप्ता आठ हजारांवर जातो. रकमेपुढचे उणे फक्त उत्तर अधिक चिन्हाने यावे म्हणून आहे.

गटात पुष्कळदा ५०,००० चे १२% म्हणजे ६००० व्याज आधीच मिळवून ५६,००० चे बारा भाग करतात. हप्ता ४६६६.६७ होतो. वरच्या रीतीत वर्षाचे व्याज ३३०९ रुपये होते, इथे ६०००. मुद्दल दर महिन्याला फिटत असते आणि व्याज मात्र पूर्ण ५०,००० वर धरले जाते, म्हणून खरा दर वर्षाला सुमारे २१.५% पडतो. =रेट(१२,-४६६६.६७,५००००)*१२ लिहून स्वतः पाहा. कोणती रीत ठेवायची ते गटाने बैठकीत ठरवावे, पण कर्ज घेणाऱ्या बाईला दोन्ही आकडे शेजारी शेजारी दाखवूनच.

हप्ता पूर्ण रुपयांत, ४४४२, ठेवायचा असेल तर प्रत्येक महिन्याची ओळ करा : शिल्लक मुद्दल, व्याज (शिल्लक गुणिले १%), मुद्दलात जमा (हप्ता वजा व्याज), नवी शिल्लक. पहिल्या महिन्यात व्याज ५००, मुद्दलात ३९४२, शिल्लक ४६,०५८. दुसऱ्या महिन्याचे व्याज ४६०.५८. अकरा हप्ते असे गेले की बाराव्याला ४४४२ ऐवजी ४४४७.५७ भरावे लागतात. हे जादा साडेपाच रुपये म्हणजे दर महिन्याला सोडलेले ४४ पैसे आणि त्यावरचे व्याज. शेवटचा हप्ता पावतीवर वेगळा लिहून ठेवा.